तिठ्यावरचा वड आणि भोरड्या

देवाला कौल लावून विचारलंत ते रस्त्यावरच्या फांद्या छाटू का, एवढंच. मग तिठ्यावरचा वड बुंध्यातून का कापलात? ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार मागाहून.

दर थंडीत भोरड्या थव्याथव्याने त्याच वडाची फळं खायला येतात. आज सकाळी आल्या, रिकाम्या जागेवर घिरट्या घातल्या, विजेच्या तारेवर टेकल्या आणि गेल्या.

आमचे म्हातारे अंथरुणावर. थंडी आली ते त्यांना भोरड्यांच्या कलकलाटावरूनच कळतं. आज कान देऊन म्हणाले, "आयल्यो गो? मगे गप्प कित्याक?"

म्हटलं, "खातत. तोंड भरलेला असताना बोलतल्यो काय? त्यो काय तुमी?"

हसले. उद्या परत विचारतील.

उत्तरादाखल ग्रुपवर हात जोडलेली चित्रं मला नकोत. कौल ज्याने लावला, त्यानेच त्यांच्या खाटेजवळ येऊन उत्तर द्यायचं.