सांगितलं ते बांगड्याला

आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंना सरळ उत्तर चालायचंच नाही. "अमोनिया हा बेस आहे," असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की त्या खडू रोखून विचारायच्या, "कोणासमोर?" पाण्यासमोर तो बेस, पाण्याकडून प्रोटॉन घेऊन अमोनियम होतो. पण त्याहून तगडा बेस समोर आला की हाच अमोनिया आपला प्रोटॉन मुकाट काढून देतो आणि ॲसिड ठरतो. "माणसासारखाच आहे मेला. साहेबासमोर एक, बायकोसमोर दुसरा!" रत्नागिरीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांचं नावच 'कोणासमोर बाई' पडलं होतं.

बाई राजिवड्याच्या, मच्छीमारांच्या वस्तीतल्या. मासळीशिवाय त्यांचं जेवण होत नसे आणि शिकवणंही. शिळ्या बांगड्याचा वास अमाईनचा, अमाईन म्हणजे अमोनियाची भावंडं. कोकमातलं ॲसिड त्यांना प्रोटॉन देतं, त्यांचा क्षार होतो आणि क्षार काही उडून नाकापर्यंत येत नाही. "आंबटाने वास मरतो म्हणतात ना, तो असा मरतो," बाई म्हणाल्या. 'मरतो' हा आमच्या आयांचा रोजचा शब्द बाईंच्या तोंडी ऐकून वर्ग खूश झाला. वर्गातला पहिला अल्ताफ लगेच म्हणाला, "म्हणजे ॲसिड बेसला मारतं!" बाईंनी त्याला शाबासकी दिली.

अल्ताफच्या वडिलांचा बंदरावर बर्फाचा कारखाना होता. तिथे यंत्रात अमोनिया खेळवून बर्फ करतात. माझा दादा तिथेच यंत्रावर कामाला. बाई आम्हाला कारखाना बघायला घेऊन गेल्या तेव्हा भाऊ दाखवायला मिळणार म्हणून मी मिरवत होते. आम्ही अंगणात असतानाच आत फस्स आवाज झाला, नाकात सुया गेल्यासारखा वास आला आणि कोणीतरी ओरडलं, "व्हॉल्व्ह गेला! भायेर पळा!"

"वाऱ्याकडे तोंड करून पळा, त्या भिंतीपाशी!" बाईंनी आम्हाला अक्षरशः ढकललं. तेवढ्यात दादा चाचपडत बाहेर आला. दोन्ही हात डोळ्यांवर. "काय दिसत नाय! माका काय दिसत नाय!" बाईंनी त्याला धरून नळाखाली बसवलं, मासळीची खोकी धुवायचा पाइप उचलला आणि दोन बोटांनी त्याच्या पापण्या ताणून पाणी सोडलं. तो गुरासारखा ओरडत होता.

अल्ताफ धावत आला. हातात कामगारांच्या स्वयंपाकघरातली कोकमाच्या आगळाची बाटली, बूच काढलेलं. बाटली दादाच्या डोळ्यावर तिरपी झालीच होती, बाईंनी त्याचं मनगट पकडलं.

"बाई, सोडा! ॲसिडने बेस मरतो, तुम्हीच सांगितलंत!"

"सांगितलं ते बांगड्याला! हा डोळा आहे. पाणी, अल्ताफ, नुसतं पाणी. पाइप धर!"

त्याने बाटली टाकून पाइप धरला. रिक्षा आली तरी बाईंनी दादाला लगेच उठू दिलं नाही. मला तर वाटलं, या बाई माझ्या भावाला आंधळा करणार.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इतका वेळ धुतलं म्हणून निभावलं. त्यात ॲसिड पडतं तर तिथेच उष्णता निघून आणखी भाजलं असतं. आता पट्टी सुटेपर्यंत वाट बघायची. आईने देव पाण्यात ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी अल्ताफ शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. बाई फळ्यापाशी गेल्याच नाहीत. "काल अल्ताफने दिलं ते माझं उत्तर होतं," त्या म्हणाल्या. "कोणी कोणाला मारत नाही. प्रोटॉन इकडचा तिकडे जातो, जोडी बदलते आणि उष्णता निघते. हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं." त्या दिवशी मला बाई जितक्या आवडल्या तितके पुन्हा कोणी शिक्षक आवडले नाहीत.

पट्टी सुटली. उजवा डोळा साफ झाला. डाव्यापुढे थोडं धुकं राहिलं, पण दादा पुन्हा कामावर गेला. बाई दोन वर्षांनी नवऱ्याकडे कुवेतला निघाल्या. बसस्टँडवर आम्ही पोचवायला गेलो होतो. एवढ्या दिवसांत दादाच्या डोळ्यांकडे बघायचं त्या टाळत असत. आज त्यांनी त्याची हनुवटी वर केली आणि दोन बोटांनी पापणी धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. गाडीचा हॉर्न वाजला.

"बाई, सोडा आता," दादा पुटपुटला. "पाणी येतंय."

"येऊ दे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात काढला नाही.