तारप्याला पाठ दाखवायची नाही

प्रमिला साधी नव्हती.

काल दुपारी ती गेली. तेव्हापासून आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या ग्रुपवर "एक साधी, निगर्वी बाई हरपली" असं ज्यांनी ज्यांनी टाकलंय, त्यांनी ते कृपया डिलीट करावं.

निगर्वी कसली? जव्हारच्या डोंगरातली वारली आदिवासी होती ती. गर्व होता तिला. असायलाच हवा होता.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. रिटायर्ड नर्स. वसईत उमेळ्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या खालच्या मजल्यावर. वॉर्डात तिची चप्पल वाजली की शिकाऊ डॉक्टर मोबाईल खिशात टाकायचे.

लग्न केलं ते वसईच्या केळीच्या वाडीवाल्या घरात, स्वतःच्या पसंतीने. इथे सासू बोलेना, तिकडे बाप बोलेना.

सासू आजारपणात हिच्या सेवेने विरघळली. बाप न बोलताच गेला.

राहिला भाऊ. सोमाभाऊ. तो बोलायचा, पण पाहुणीशी बोलावं तसं. बसा, चहा घ्या, गाडी कितीची आहे.

काही वर्षांपूर्वी मंडळाची ट्रिप ठरली. सेक्रेटरी म्हणाले, "यंदा जव्हार. आपल्या पालघरचं महाबळेश्वर."

"मग महाबळेश्वरलाच जा की," प्रमिला म्हणाली. "जव्हार हे जव्हार आहे."

शेवटी तीच आम्हाला घेऊन गेली.

राजवाडा दाखवला. आमच्यातल्या एका विद्वानाने विचारलं, "इथे जंगलात राजा कुठून आला?"

"कुठून यायचाय? इथलाच. डोंगरातला कोळी. तुमच्या वसईत पोर्तुगीज होते ना, तेव्हा आमच्याकडे आमचा राजा होता."

बसमध्ये विद्वान मागच्या सीटवर जाऊन बसले. मी खिडकीबाहेर बघून हसून घेतलं.

दाभोशाचा धबधबा झाला, वडापाव झाला. मग तिचा पाडा.

बसमधून उतरताना तिने माझा हात दाबला. "शालिनीताई, आज नीट झालं पाहिजे. इतक्या वर्षांनी माझी माणसं घेऊन घरी चाललेय. काही वाकडं झालं तर माहेर संपलं माझं."

प्रमिला घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

भात कापून झालं होतं. अंगण सारवलेलं, आमच्यासाठी शाळेतून खुर्च्या आणलेल्या. सोमाभाऊ स्वतः तारपा वाजवणार होता. तारपा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं लांब वाद्य. वाजवणारा मध्ये, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात.

जरा कुठे सूर लागला आणि आमचे सेक्रेटरी उठले. थेट सोमाभाऊच्या पुढ्यात. पाठ त्याच्याकडे, तोंड मोबाईलकडे.

"या, या सगळे. ग्रुप सेल्फी."

अख्खं मंडळ उठलं. एकजात सगळ्यांच्या पाठी सोमाभाऊकडे.

तारपा थांबला.

"आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत," प्रमिला म्हणाली.

"अहो, मग सेल्फी कसा काढायचा?" सेक्रेटरींना खरंच प्रश्न पडला होता.

"नका काढू. त्याला ऐकायला आलात की स्वतःला बघायला?"

मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये देवाच्या अल्टारकडे पाठ करून गप्पा मारणाऱ्या मुलीला सिस्टर काय करायच्या, ते माझ्या हाताला अजून आठवतं.

सोमाभाऊने तारपा मांडीवर ठेवला. बहिणीकडे पाहिलं.

"पाव्हनं तुझं, बाय. तूच सांग, काय करू?"

अंगणातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. वाजव म्हणाली असती तर भावाचा अपमान. नको म्हणाली असती तर आमची वरात परत बसमध्ये.

तिने पदर खोचला.

"खुर्च्या उचला."

"काय?"

"खुर्च्या. कडेला. आणि फोन त्या टोपलीत. इथे हे बघायला कोणी बसत नाही. ज्याला थांबायचंय त्याने हात धरायचा. बाकीच्यांनी बसमध्ये बसावं."

"माझा गुडघा..." सेक्रेटरी म्हणाले.

"तुमचा एक्सरे मीच बघितलाय. गुडघ्याला काही झालेलं नाही."

खुर्च्या हलल्या. फोन टोपलीत पडले.

आणि मग प्रमिला स्वतःच थांबली. लग्नानंतर ती त्या साखळीत उभी राहिली नव्हती. कोणाच्या कमरेत हात घालायचा, कोण घालू देईल, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

सोमाभाऊच्या बायकोने शेजारणीचा हात सोडून जागा केली.

"ये ना. का पाय इसरली तू?"

"बघ तू," प्रमिला म्हणाली.

तारपा पुन्हा सुरू झाला. आम्हीही नाचलो, म्हणजे एकमेकांच्या पायांवर पाय दिले. तिचं पाऊल एकदाही चुकलं नाही.

तेव्हापासून दर दिवाळीला डोंगरातून नव्या तांदळाची गोणी यायची. सोमाभाऊ स्वतः आणायचा, आणि चहा झाला की बहिणीशी हक्काने भांडायचा. पाहुणीशी कोणी भांडत नाही.

काल संध्याकाळी तो स्मशानात आला होता. शेवटपर्यंत तिच्या पायांशी उभा राहिला.

निघताना कोणीतरी मला शिकवायला आलं, "शालिनीताई, इथून जाताना मागे वळून बघायचं नसतं."

"मी वळलेच नाहीये," मी म्हटलं.

आणि तिच्याकडे तोंड करून, मागे मागे चालत गेटपर्यंत आले. पडले असते, पण सोमाभाऊने कोपर धरलं होतं. तोही तसाच चालत होता.

सेक्रेटरी बघत होते. बघू देत.

येते गं, प्रमिला.

पाठ दाखवली नाही तुला.