तीन मिलिमीटरच्या आत

१८ मे, रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. भेगेची रुंदी नऊ पूर्णांक दोन मिलिमीटर. शिडीवरून मी हा आकडा मोठ्याने वाचला, तेव्हा खाली उभ्या असलेल्या कंट्रोलरकाकांनी विडी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताची तीन बोटे स्वतःच्या छातीवर ठोकली आणि म्हणाले, "इमारत म्हंजे मंदिर न्हाई, पोरी. मंदिर हे. हे इथं."

असे एक वाक्य असलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. वाक्य खरे असते, शास्त्रातले असते, आणि ते सतत एखाद्या कामाच्या आड उभे केलेले असते. प्रार्थनामंदिराचे पत्रे गळू लागले, तेव्हा काकांनी छातीवर बोटे ठोकली. पन्हळीत पिंपळ उगवला, तेव्हाही ठोकली. वेदीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि मी तिच्यावर भेगमापक, म्हणजे रेघांच्या दोन पारदर्शक पट्ट्या बसवल्या, तेव्हा तर ती बोटे ठोकण्याची वेळ आपोआप ठरून गेली.

काका वाटूर फाट्यावर एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीने त्यांना वडील म्हणून निवडले. वडील म्हणजे पाळकसाहेब नसतील तेव्हा उपासना चालवणारे ज्येष्ठ, आणि पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येत. नोकरी सुटली, पण सूर सुटला नाही. "गीत क्रमांक बावन्न. बावन्न नंबर लागलेलं हाय, जल्दी बसून घ्या, मधल्या वाटेत कोणी थांबू नका." प्रवचन संपत आले की ते घड्याळाकडे असे पाहत, जणू परतूरची गाडी सुटायची राहिली आहे. मुले हसत. मीही इथल्याच शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गात, हसत वाढले. पुढे स्थापत्य अभियांत्रिकी शिकले, मृदायांत्रिकीत पदव्युत्तर पदवी घेतली. आता जालन्यातल्या एका कार्यालयात इमारतींच्या पायांसाठी मातीच्या चाचण्या करते. मला धरणांच्या पायांवर संशोधन करायचे आहे. गावच्या भिंतीवर पट्ट्या चिकटवणे हे त्या वाटेवरचे स्थानक नव्हते. परंतु दर रविवारी माझी आई त्याच भिंतीसमोर, दुसऱ्या बाकावर बसत असे.

"काका, तुम्ही अर्धेच वचन सांगता," मी त्या दिवशी शिडीवरून उतरत म्हणाले. "तुम्ही देवाचे मंदिर आहात, एवढे बायबलात पौलाने लिहिले हे खरे. पण जो कोणी ते मंदिर मोडील त्याचे काय होईल, तेही त्याने लगेच पुढे लिहिले आहे. आणि तुम्ही दिवसाला विडीचा एक कट्टा संपवता."

काकांनी विडीचा एक झुरका घेतला. मग धूर सोडून म्हणाले, "धूपवेदीशिवाय मंदिर असतं का कुठं?"

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "रातभर त्या धूपवेदीचा खोकला मी ऐकून राह्यले. मंदिर बांधणाऱ्या शलमोन राजाच्या सातशे बायकांना इतका तरास न्हाई झाला."

मंदिराविषयीचे दुसरे अर्धे ज्ञान आमच्या खजिनदारांकडे होते. त्यांचे सिमेंटचे दुकान आहे, हे सांगितले म्हणजे पुष्कळसे सांगून झाले. त्यांच्या मते मंदिर म्हणजे ग्रॅनाइट, चाळीस फुटी मनोरा आणि दाराशी देणगीदारांची संगमरवरी पाटी. पाटीवर पहिले नाव कोणाचे असावे, याबद्दल ते विनयाने मौन पाळत. "शलमोनानं देवदार आणला, सोनं आणलं," ते म्हणत. "आपण निदान ग्रॅनाइट तं लावू." त्याच शलमोनाने त्याच मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी कबूल केले होते की, जो स्वर्गात मावत नाही तो या घरात काय मावणार. ही कबुली खजिनदारांच्या दुकानात ठेवण्यासारखी नव्हती. अशा रीतीने एकाला मंदिर बांधायचे नव्हते, कारण ते छातीत होते. दुसऱ्याला ते बांधायचे होते, कारण पाटी लावायला दार हवे होते. भिंत मात्र दोघांच्याही धर्मशास्त्राबाहेर हळूहळू उघडत होती.

आमच्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावर उथळ पाया घालून दगडमातीची भिंत उभी केली, तर उन्हाळ्यात भेग उघडते आणि पावसाळ्यात बरीचशी मिटते. हे सातवीतल्या मुलाला ओल्या मातीचा गोळा दाखवून समजावता येते. आमच्या मंडळीला समजावता आले नाही. कारण मे महिन्यात भेग रुंदावली की त्यांनी उपास-प्रार्थना ठेवलेली असे, ऑगस्टात ती मिटत असे, आणि मग उपकारस्तुतीची उपासना होत असे. त्यांच्या दृष्टीने प्रयोग दरवर्षी यशस्वी होत होता.

त्या ऑगस्टात मापकावर दोन पूर्णांक एक आले. मी आकडा सांगायला आणि काकांनी दोन्ही हात वर करायला एकच गाठ पडली. "मंडळी, ऐका! नवावरून दोनावर! डॉक्टरीनबाईंनी मोजलेलं हाय!" मी डॉक्टर नाही, हे मी पुन्हा एकदा सांगितले. हा प्रार्थनेचा नव्हे, मातीतल्या ओलाव्याचा परिणाम आहे, हेही सांगितले. खजिनदार पेढ्यांचा खोका उघडत म्हणाले, "ताई, पाऊस कोण पाडतो?" सगळे हसले. दुसऱ्या बाकावरून माझी आईसुद्धा हसली. माझ्या मोजमापाचा उपयोग साक्ष म्हणून झाला, हा अपमान मी आजही विसरलेले नाही. एखादी गोष्ट मोजून ठेवली म्हणून लोक शहाणे होतात, असे समजणाऱ्यांनी आमच्या गावी एक पावसाळा काढावा.

पुढच्या उन्हाळ्यात भेग अकराच्या पुढे गेली. उपास-प्रार्थना सुरू होती. काका गुडघ्यांवर होते, खजिनदार खुर्चीवर होते. तेवढ्यात वेदीमागच्या कमानीच्या माथ्यावरून मूठभर वाळू सुटली आणि बंद बाजाच्या पेटीवर पडली. आवाज फार नव्हता. पेटीला लागूनच लहान मुलांची सतरंजी होती.

मी उभी राहिले. उपासनेच्या मधोमध बोलणे आमच्याकडे शिष्टसंमत नाही.

"काका, एकच प्रश्न. आपण मंदिर आहोत ना?"

"बिलकुल."

"ही मुलेही?"

"तीबी."

"मग या भिंतीखाली आपण काय जपतो आहोत? मंदिर जपायचे असेल तर ते आधी इथून उठवून बाहेर न्या."

खजिनदार म्हणाले, "म्हंजे देवाचं घर सोडून झाडाखाली बसायचं? लोकं काय म्हणतील? आधी नवीन बांधकाम ठरवा, मंग—"

काकांनी हात वर केला. त्यांची तीन बोटे छातीकडे निघाली होती. ती वाटेतच थांबली. त्यांनी भिंतीकडे पाहिले, सतरंजीकडे पाहिले. त्या माणसाला स्वतःचे वाक्य प्रथमच ऐकू आले असावे, असे माझे निरीक्षण आहे. मग ते फाट्यावरच्या आवाजात म्हणाले, "मंडळींनी ध्यान द्यावं. पुढच्या रविवारपासून उपासना लिंबाखाली लागेल. आत कोणीबी जाणार न्हाई. चला, पोरांना आधी काढा."

त्या एका सूचनेवर त्यांचे निम्मे वजन खर्च झाले. कडुलिंबाखाली ऊन होते, शेजारच्या गिरणीचा आवाज होता, आणि मंदिराबाहेर बसायला लाज वाटणारे विश्वासणारे होते. खजिनदारांसह चार घरे येईनाशी झाली. "देव झाडाखाली भेटत असता तर चर्च कशाला बांधलं असतं?" असे त्यांनी दुकानात बसून विचारले, आणि ग्राहकांनी माना डोलावल्या. काका मात्र दर रविवारी लिंबाखाली हजर असत. ते नेमाने बाजाची पेटी घरून आणत, नेमाने परत नेत.

एका शनिवारी मी नोंद घ्यायला गेले, तर दार उघडे होते. आत काका केरसुणी घेऊन उभे होते.

"काका! आत यायचे नाही, हे तुम्हीच जाहीर केले ना?"

"न्हाई, आपलं... झाडून राह्यलो."

"कोणासाठी? इथे कोण बसणार आहे?"

ते वाकून खोकू लागले. खोकला सरल्यावर म्हणाले, "पोरी, तुझं बराबर हाय. माझंबी वाक्य बराबर हाय. पण मला दुसरीकडं बोलता येत न्हाई त्याच्याशी. लिंबाखाली मी सूचना देतो. बोलायला इथंच यावं लागतं." त्यांनी वेदीपुढच्या फरशीकडे केरसुणीने खूण केली. "हितं माझा बाप्तिस्मा झाल्ता. लग्न हितंच लागलं. आईची मयताची पेटी हितंच ठेवल्ती."

पंचवीस वर्षे छाती ठोकून इमारतीला क्षुल्लक म्हणणारा हा गृहस्थ या इमारतीशिवाय प्रार्थना करू शकत नव्हता. तर्काच्या दृष्टीने ही स्थिती हास्यास्पद होती आणि मी तसे म्हणालेही. ते हसले.

"एक काम करशील? मी गेलो तं मला एकदा आत ने. वेदीपुढं. बस, पाच मिनिटं."

"भिंतीवर अवलंबून आहे."

"मंग आकडा सांग."

मी सांगितला. पावसाळ्यात भेग तीन मिलिमीटरच्या आत आली, तर पाया परत जागेवर येतो आहे असे समजता येईल आणि चार माणसे पाच मिनिटे आत जाऊ शकतील. तीनच्या वर राहिली, तर पाया एका बाजूने कायमचा खचला. मग कोणीही नाही.

"तीन," काका म्हणाले. तिकीट तपासावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मोज. पण खरं मोज. माझ्याकडं बघून न्हाई."

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. फुप्फुसांनी दगा दिला; धूपवेदी शेवटी मंदिराला भारी पडली. शवपेटी अंगणात आली, तेव्हा रिमझिम सुरू होती आणि लिंब गळत होता. न येणारी चारही घरे आली होती. खजिनदार सर्वांत पुढे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते खरे होते, हे मला नमूद केले पाहिजे.

"आत न्यायचं," ते म्हणाले. "वडीलमाणूस हाय. पावसात ठेवणार काय? पाचच मिनिटं."

"त्यांची इच्छा होती," कोणीतरी म्हणाले. सगळे माझ्याकडे वळले. मी किल्ली घेतली आणि एकटी आत गेले. फरशी झाडलेली होती. शिडी लावली, चष्मा पुसला, रेघ वाचली. खाली उतरून पट्टी पुसली, पुन्हा चढले, पुन्हा वाचली. दोन्ही वेळा रेघ त्याच ठिकाणी होती.

बाहेर आले आणि म्हणाले, "नाही."

"किती आलं?" खजिनदारांनी विचारले.

"तीनच्या वर."

"वर म्हंजे किती वर? ताई, थोडं इकडं-तिकडं... देवाच्या माणसाला तुम्ही पट्टी लावून राह्यल्या?"

गर्दीतून चारपाच आवाज चढले. पेटी उचलायला दोघे पुढेही झाले. तेव्हा काकू खुर्चीवरून उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या पेटीवर हात ठेवला, आणि तीन बोटांनी, अगदी त्यांच्याच पद्धतीने, झाकणावर दोनदा ठोकले.

"हे जलमभर काय सांगत व्हते? मंदिर हे. मंग मंदिर पावसात हाय, तं तुम्ही आत जाऊन काय करता? छत्र्या काढा."

छत्र्या निघाल्या. खजिनदारांनी स्वतःची काढून पेटीच्या डोक्याशी धरली आणि उपासना संपेपर्यंत ते भिजत उभे राहिले. गीत क्रमांक कोणीच जाहीर केला नाही. त्यामुळे सुरुवातीला दोन वेगवेगळी गीते सुरू झाली.

दार मी कुलूप लावून बंद केले. त्या इमारतीत त्यानंतर कोणी गेलेले नाही, मीसुद्धा नाही. शेवटची नोंद त्याच सकाळची आहे. ती मी काकांकडे बघून केलेली नाही.

तीन पूर्णांक चार मिलिमीटर.