निखिलची शेवटची मॅच आणि पाठमोरी गाडी

“येणार नाही म्हणजे नाही! त्या मैदानात मी पाय ठेवणार नाही!”

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या घराच्या दारातून माझी बॅग अजून पुरती आत आली नव्हती, तेवढ्यात ही तोफ उडाली. तोफ म्हणजे माझी मावसबहीण सुलभाताई. तिच्यासमोर स्वयंपाकघराची सगळी चौकट भरून तिचा मुलगा निखिल उभा. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो माझ्या कमरेला लागत होता. आता त्याची मान माझ्या मांडीएवढी झाली होती, आणि माझी मांडी कऱ्हाडात प्रसिद्ध आहे.

“हाय, अवि मामा,” तो म्हणाला. “आईला सांग ना यार. इट्स माय लास्ट गेम. एकदा तरी ये म्हणतोय.”

निखिल रग्बी लीग खेळतो. तेरा विरुद्ध तेरा. अंड्याच्या आकाराचा चेंडू छातीशी धरून पुढे धावायचं, पास मात्र मागेच द्यायचा. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांचा. हेल्मेट नाही, गाद्या नाहीत, हाडावर हाड. कॉलेजात असताना तो गंमत म्हणून यात पडला आणि इंग्लंडातल्या एका क्लबाने त्याला थेट उचलून नेलं. तिथे कोळशाच्या खाणींच्या गावात तो कितीतरी वर्षं खेळला, मग दक्षिण फ्रान्समध्ये, आणि मधूनमधून अमेरिकेच्या संघाकडून. आता कॅनडाविरुद्ध खेळून बूट खुंटीला टांगणार होता.

एवढ्या वर्षांत आई एकाही मॅचला गेली नव्हती. ताई दातांची डॉक्टर. पोराची कारकीर्द आपल्यापर्यंत जबड्यातून आली तेवढी पुरे, असं तिचं म्हणणं. रात्री जेवताना तिने ती मलाही दाखवली.

“आ कर रे. हा वरचा सुळा इंग्लंड. हे समोरचे दोन फ्रान्स. आणि ही दाढ जमैकाविरुद्ध.”

मी हात जोडले. इतरांची कारकीर्द कपाटात ढाली होऊन बसते. याची रोज वरणभात चावत होती.

शेवटी तह झाला. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून ताई मला मैदानापर्यंत नेणार. ती गाडीतून उतरणार नाही, गाडीही मैदानाकडे पाठ करून लावणार. पोरगा उभा आहे की आडवा, ते मी येऊन सांगत राहायचं. निखिल “ओके” म्हणाला, आणि ताटातली पोळी तशीच सोडून उठला.

शनिवारी निघालो. पानगळीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं अशी लालभडक, की मी दोनदा ताईला अग्निशमन दलाला फोन करायला सांगितलं. मैदान एका कॉलेजचं निघालं. मला वाटलं होतं लाख माणूस असेल. होती आपल्याकडच्या बऱ्यापैकी साखरपुड्याएवढी. पार्किंगमध्ये मात्र टेलगेट (गाडीची मागची फळी पाडून तिथेच मांडलेली पंगत) जोरात चालू होतं. एका दाढीवाल्याने माझ्या हातात मांस भरलेला पाव कोंबला. त्यात मिरची अशी होती, की मला थोडा वेळ दोन-दोन अमेरिका दिसल्या.

“तुमचा कोण आहे संघात?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“भाचा. निखिल.”

त्याने चिमटा खाली ठेवला. “आमचा पोरगा नळ दुरुस्त करतो आणि रविवारी खेळतो. बाकीचेही तसेच, मास्तर, फायरमन. खेळून पोट भरलेला तुमचा भाचा एकटा. त्याच्यासाठी ही पोरं भिंत फोडून जातील.”

मॅच सुरू झाली. माणसावर माणूस आदळल्याचा आवाज आधी पोटात येतो, मग कानात. माळ्यावरून गुळाची ढेप पडावी तसा. निखिल त्या ढेपांच्या पावसात शिरायचा, पडायचा, उठायचा, चेंडू पायाने मागे सारायचा आणि पुन्हा शिरायचा. मी धावत गाडीकडे गेलो.

“ताई! सात जण लोंबकळत होते त्याला! सातांना घेऊन चालत गेला!”

“तीन,” ताई समोर बघत म्हणाली.

“बरं, चार.”

“अव्या.”

मी परत पळालो.

मध्यंतरानंतर दोघा कॅनडावाल्यांनी त्याला दोन बाजूंनी गाठलं. तो पडला आणि उठला नाही. पंच धावले, डॉक्टर धावला, भोवती माणसांचं कडं झालं. मी गाडीशी पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि ताईचा एक पाय बाहेर, गवतावर.

“पाय हलतायत का त्याचे? तेवढंच सांग!”

थाप मारायला याहून चांगली वेळ नव्हती, पण थाप सुचलीच नाही. “दिसत नाहीये गं मला,” म्हणालो.

तेवढ्यात मागून टाळ्या उठल्या. निखिल गुडघ्यावर, मग पायावर. ताईने पाय आत घेतला आणि दार ओढलं.

आपण चार गुणांनी मागे. घड्याळ संपत आलेलं. निखिल रेषेपाशी घुसला. तिघे त्याच्या अंगावर, पुढे हातभर जमीन. दुसरा कुणीही स्वतःच झेपावला असता. त्याने पडता पडता चेंडू मागे सोडला, तो नळवाल्या पोराच्या हातात. ट्राय (चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं)! बरोबरी! मग वरची किकही खांबांमधून आत, आणखी दोन गुण. जिंकलो! मी दाढीवाल्याच्या गळ्यात, दाढीवाला माझ्या.

निखिल ओठातलं रक्त पुसत गाडीशी आला. ताईने काच खाली केली.

“आई, झालं. यू मिस्ड इट.”

“पास दिलास ते बरं केलंस,” ताई म्हणाली. “त्या खाणीच्या गावात, चिखलात, दिला नव्हतास. म्हणून हरलात.”

निखिलने खिडकीच्या कडेवर हात ठेवला. “यू सॉ दॅट? दॅट वॉज... आई, तेव्हा इकडे रविवारची सकाळ असेल.”

“क्लिनिक रिकामं असतं रविवारी. लॅपटॉपवर आवाज बंद करून बघायचे. सगळ्या बघितल्या.”

“अँड टुडे?”

तिने बोटाने बाजूचा आरसा दाखवला. त्यात अख्खं मैदान होतं, गोलच्या खांबांसकट. तो एवढा मोठा गडी खाली वाकला, खिडकीतून डोकं आत घातलं आणि ते तिच्या खांद्यावर ठेवून राहिला. मी पावाच्या मिरचीचं निमित्त करून डोळे पुसले.

परतीच्या दिवशी ताईच मला नेवार्कच्या विमानतळावर सोडायला आली. एवढा प्रचंड देश मी पाहिला, पण त्या आरशात जे मावलं त्याहून मोठं काही मला दिसलं नाही. गाडीतून बॅग काढता काढता मी विचारलंच.

“इतकी वर्षं त्याला सांगितलं का नाहीस गं?”

“मी बघतेय हे कळलं असतं, तर खेळताना चेंडूऐवजी माझ्याकडे बघत बसला असता.”