आमच्या ह्यांची कंपनी

आमच्या घरात देव्हारा नाही. आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून या घरात ना नवस, ना मुहूर्त, ना अमावास्येची भीती. एवढं सगळं सोडलेल्या घरात मी लग्न होऊन आले आणि बघते तर आमचे हे एका गाडीच्या कंपनीचे भक्त निघाले. पिकअप घ्यावी तर त्याच कंपनीची. बाकीच्या कंपन्या म्हणे गाड्या बनवत नव्हत्या, डबे बनवत होत्या. सासरे म्हणायचे, "तेहतीस कोटी सोडलं आम्ही, आणि ह्यो एक कंपनी धरून बसलाय."

कंपनीचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत, वर फुकटची जाहिरात कशाला करू?

ह्यांचा धंदा म्हणजे एका बेकरीची लाइन. कोल्हापुरातून पाव, खारी, टोस्ट, बटर भरायचं आणि थेट गगनबावड्यापर्यंत रस्त्यावरच्या टपऱ्यांना आणि दुकानांना पोचवायचं. माल बेकरीचा, गाडी आमची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, पण माझा पगार घराच्या कर्जात जायचा. चूल पेटायची ती त्या लाइनीवर. पिकअप माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, नव्वदनंतर लगेचच, सासऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. ते सरकारी कचेरीत शिपाई होते. दहा वर्षं ती गाडी गुणाने चालली, मग कुरकुरायला लागली. आज क्लच, उद्या रेडिएटर. नवी घेतल्याशिवाय गत्यंतर नाही हे दोन हजार साल उलटल्यावर आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं.

ह्यांनी आपल्या कंपनीचं कोटेशन आणलं. आगाऊ भरायचे पैसे जमवायला आम्हाला वर्ष लागलं, आणि जमले तोवर किंमत वाढलेली. शोरूमवाला म्हणाला, पोलाद महाग झालंय. पुन्हा काटकसर. मी दिवाळीची साडी रद्द केली, ह्यांनी तंबाखू सोडली आणि पंधरा दिवसांनी परत धरली. पुन्हा गेलो तर नव्या नियमाचं इंजिन आलेलं, धूर कमी आणि किंमत जास्त. तिसऱ्यांदा कारण काय, तर पुढचे दिवे बदललेत. मी म्हटलं, "आमची गाडी उजेडात फिरते, आम्हाला जुने दिवे द्या." तो हसला आणि म्हणाला, "बाई, पुढच्या महिन्यात आणखी वाढणार हाय." हे वाक्य मी त्या शोरूममध्ये तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं. एस.टी.च्या मागं धावणाऱ्या माणसासारखी आमची गत झाली होती. हात लागणार, एवढ्यात ती सुटायची.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका कंपनीची नवी पिकअप निघाली. हौदा तेवढाच, वजन तेवढंच ओढायची, आणि किंमत माझ्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी कमी. जमलेल्या पैशात ती लगेच येत होती. मी तिचं माहितीपत्रक घरी आणलं. ह्यांनी ते उघडूनही बघितलं नाही.

"चढाला ओढत न्हाय ती," म्हणाले.

वाटेवरच्या कळे गावात एका दूधवाल्याकडं ती गाडी होती. मी शाळेतून परत येताना मुद्दाम उतरून त्याला विचारलं. तो म्हणाला, "मस्त ओढत्या की." मग ह्यांनी सांगितलं, पार्ट मिळत नाहीत. पार्ट मिळतात हे मी दोन दुकानांत विचारून आले. मग म्हणे, विकताना कोण घेणार? मी म्हटलं, "अहो, आधी विकत तर घ्या." शेवटी म्हणाले, "मला न्हाय आवडत ती."

"हे काय कारण झालं?"

"झालं."

मी ह्यांना हेकट म्हणत होते, तेही तोंडावर आणि पाहुण्यांसमोर. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच तसंच वाटत होतं. वर्गात चाळीस पोरांना वळण लावणारी बाई मी, आणि घरातला एक माणूस मला वळवता येत नव्हता.

त्या वर्षी श्रावणात असळजच्या पुढं गाडी बंद पडली. गगनबावड्याकडचा पाऊस तो, ताडपत्रीला कसला जुमानतोय? दुरुस्तीवाला येईपर्यंत निम्मी खारी लगदा झाली होती. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. बेकरीचे मालक भले गृहस्थ होते, आवाज न चढवता ह्यांना म्हणाले, "भाऊ, माझ्या खारीला पाऊस चालत न्हाय. दिवाळीच्या मालाला नवी गाडी लावा. न्हायतर लाइन दुसऱ्याला द्यावी लागंल. वाईट वाटंल मला, पर देईन."

लाइन गेली की चूल गेली. त्या रात्री मी जेवणाच्या ताटाशेजारी ते माहितीपत्रक ठेवलं आणि म्हटलं, "लाइन गेल्यावर तुमची कंपनी खायला घालणार आहे का?"

हे अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर गेले. ताटावरून उठणारा माणूस नव्हे तो. सासरे शांतपणे जेवत होते. घास संपवून म्हणाले, "त्याला बोलू नगंस, पोरी. कारण मी हाय."

मग त्यांनी सांगितलं. पहिली गाडी घ्यायला बापलेक आधी ह्या दुसऱ्या कंपनीच्याच शोरूमला गेले होते. गाडी स्वस्त होती. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात पासबुक होतं. तिथल्या माणसानं हसून खुर्चीकडं हात केला. मग गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर तो हात मागं आला. "गाडीचा मालक कोण? त्यांना घेऊन या," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. तो परत येईल असं वाटून हे दोघं तिथं तासभर उभे राहिले. तो आला नाही.

तिथून चालत ह्यांच्या आताच्या लाडक्या कंपनीच्या शोरूमला गेले. तिथल्या म्हाताऱ्या विक्रेत्यानंही आडनाव विचारलं. ते ऐकून झाल्यावर त्यानं सासऱ्यांना बसवलं, स्वतःसाठी आलेल्यातलाच चहा त्यांच्यापुढं ठेवला आणि विचारलं, "मालक, साखर बरोबर हाय न्हवं?" सासऱ्यांना उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मालक म्हणालं होतं. गाडी महाग होती तरी तिथंच घेतली. आमचे हे तेव्हा तेवीस वर्षांचे. तो तासभर ते वडिलांच्या शेजारी उभे होते.

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. इतकी वर्षं चढ, पार्ट, विक्री, सगळी कारणं सांगितली, आणि खरं ते एकदाही सांगितलं नाही. मला आधी ह्यांचाच राग आला. बायकोला सांगायला काय झालं होतं? मग त्या शोरूमवाल्याचा आला. मग भांडी घासताना नुसतंच रडू आलं. त्या महाग किमतीवरून मी किती किती बोलले होते, ते एकेक आठवत गेलं.

सकाळी चहाच्या वेळी सासऱ्यांनी लेकाला समोर बसवलं.

"त्यो चहा मी पिलतो," ते म्हणाले. "तू न्हवं."

"तुम्ही पिलासा म्हणूनच की, आबा."

"एका कप चहाचं किती द्यायचं? जास्तीचं पैसं देऊन गाडी घेतली, इतकी वर्षं दुसरीचं नाव काढलं न्हाईस. फिटला त्यो चहा. आता बायकोचं ऐक."

ह्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "गाडी घिऊ. पर त्या दारात मी पाय ठेवणार न्हाय."

"मग मी जातो," सासरे म्हणाले. "तू मला तितवर सोड."

पितृपंधरवडा चालू होता. त्या पंधरा दिवसांत आमच्या भागात कुणी चमचासुद्धा नवा घेत नाही, गाडी तर लांबच. सगळे दसऱ्याची वाट बघतात. आम्हाला त्याचं काही नव्हतं, म्हणून मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही गेलो. सोडायला म्हणून आलेले आमचे हे पण वडिलांच्या मागोमाग आत आले. शोरूम आता काचेचं झालं होतं, माणसं सगळी नवी, आणि गिऱ्हाईक म्हणून आम्ही तिघंच. विक्रेता पोरगेलासा होता. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "आजोबा, पितृपंधरवडा हाय. आज लिहू, का घटस्थापनेला?"

"आम्हाला चालतंय," सासरे म्हणाले. "तुम्हाला चालतंय का?"

त्याला न चालून कसं भागेल? त्यानं किंमत उतरवली. मी आणखी थोडी उतरवली. वर रबरी मॅट फुकट मिळाल्या, आणि गाडी दिवाळीच्या मालाआधी दारात येईल असं त्यानं लिहून दिलं. फॉर्म भरताना त्यानं गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी त्याच्या हातावर नजर ठेवून होते. त्यानं आडनाव लिहिलं आणि पिनकोड विचारला.

मी बसले, हे बसले. सासरे बसले नाहीत. पोरानं खुर्ची पुढं ओढली, "बसा की आजोबा," म्हणाला. ते म्हणाले, "असू दे." त्यानं तीनदा म्हटलं, थंड मागवलं, पंखा त्यांच्याकडं वळवला. पंचाहत्तरीचा म्हातारा आमच्या ह्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून सगळा कागद होईपर्यंत उभा राहिला. मी त्यांचा हात धरून बसवायला गेले, तर त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. हे खाली मान घालून सह्या करत होते. वडिलांना बसा म्हणून ते एकदाही म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "आबा, बसला का नाही? त्या पोराची काय चूक होती?"

"कायबी न्हाय. चांगला हाय पोरगा." ते गाडीपर्यंत चालत आले आणि दाराला धरून थांबले. "त्या दिवशी त्यांनी उभं केलतं, पोरी. आज मी उभा ऱ्हायलो."

त्यांचे पाय आखडले होते. ह्यांनी त्यांना उचलूनच आमच्या जुन्या गाडीत बसवलं, आणि घर येईपर्यंत मी त्यांचे गुडघे चोळत राहिले.