सुती मोजे
मुलीचे ओले लोकरी मोजे हीटरवर वाळत घातले, की त्या वासाने मला परदेशात शिकत असतानाचा, वॉटर्लूतला एक हिवाळा आठवतो. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली रुंद स्नोशू बांधून पळायचं वेड रूममेटला मीच लावलं होतं. दुकानात त्याने विचारलं, "लोकरीचे मोजे घेऊ का रे?" मी म्हणालो, "कशाला? तासाभरात तर परत येऊ." जंगलात त्याच्या स्नोशूचा पट्टा तुटला आणि गुडघाभर बर्फातून गाडीपर्यंत यायला तीन तास लागले. भिजलेले सुती मोजे पायातच गोठले. "दुखायचं थांबलं बघ," तो मधेच म्हणाला, आणि मला बरंच वाटलं. हॉस्पिटलमध्ये त्याच्या पायाची हिमदंश झालेली दोन बोटं काढावी लागली. नागपूरहून त्याच्या आईचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "माझीच चूक झाली, आई." मी शेजारीच बसलो होतो. तेव्हा काही बोललो नाही, आणि आजवर बोललेलो नाही.