मंदाताईंची हजेरी

आधीच सांगते, असले चमत्काराचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. दसऱ्याला ऑफिसात कम्प्युटरला हळदकुंकू वाहतात तेव्हा "कीबोर्डमध्ये हळद जाईल!" म्हणून ओरडणारी बाई मीच. चोवीस वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते आहे. प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते आपल्यातल्याच कुणाचा तरी वेंधळेपणा असतो, असा माझा अनुभव. तरी गेल्या मार्चमध्ये जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. कुणाला कारण सुचलं तर खरंच सांगा.

आमचं ऑफिस भोपाळला, शाहपुऱ्यात. एका बँकेच्या वर दुसरा मजला, अकरा माणसं. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. आमचा प्रोग्राम म्हणजे एक मोठी फाइल नसते, त्रेचाळीस तुकडे असतात. या धंद्यात त्यांना असेम्ब्ली म्हणतात. प्रोग्राममध्ये बदल केला की एक टेस्ट रनर चालवायचा. तो आधी हे सगळे तुकडे लोड करतो आणि मग सहाशेबारा प्रश्न विचारून उत्तरं तपासतो. पण एक जरी तुकडा लोड झाला नाही तरी तो पुढे जातच नाही. 'फाइल किंवा ती ज्यावर अवलंबून आहे ती फाइल लोड करता आली नाही.' बस. आणि फाइल समोर दिसत असते! या एका वाक्यापायी किती माणसांचे किती दिवस गेले असतील, ते विचारू नका.

आता मंदाताई. वय छप्पन्न, घर अयोध्या नगरला. माहेर नागपूरकडचं, सासरे सरकारी नोकरीमुळे इकडे आले ते इकडचेच झाले. ताई शाळेत शिकवायच्या. शाळा बंद पडली तेव्हा आमच्याकडे टेस्टसाठी डेटा भरायला आल्या. प्रोग्रामिंग येत नाही, शिकायची इच्छाही नाही. पण भरलेल्या डेटात चूक? मी अजून पाहिलेली नाही.

त्यांची एक सवय होती. टेस्ट चालवायच्या आधी त्या त्रेचाळीस फाइलींची नावं मोठ्याने वाचायच्या. हजेरीच घ्यायच्या म्हणा ना. क्रमही अकारविल्हे नाही, तर जी फाइल प्रोग्राममध्ये जेव्हा आली तेव्हाचा. शाळेच्या दाखल रजिस्टरसारखा. आमचा मुख्य प्रोग्रामर सक्सेना त्यांना चिडवायचा, "ताई, प्रसाद कब बँटेगा?" त्या म्हणायच्या, "आधी गृहपाठ दाखव, मग प्रसाद." मी काही बोलले नाही, कारण त्यात मिनिटच जायचं आणि काम चोख होत होतं. हजेरीनंतर कधी लोड अडलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. न बिघडलेल्या गोष्टीकडे कोण बघतं!

मार्चमध्ये ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या रजेवर असतानाच एका हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या विभागातून रेखा सिस्टरचा फोन आला. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी एका औषधाचा डोस आमचा प्रोग्राम किंचित जास्त दाखवत होता. दशांशाचा शेवटचा आकडा वर ढकलला जात होता. सिस्टरने औषध द्यायच्या आधीच ते पकडलं. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. आम्ही प्रोग्रामचा तो भाग लगेच बंद करायला सांगितला. सक्सेनाने त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली. आता फक्त टेस्ट पास झाल्या की ती तिकडे पाठवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला टेस्ट लावल्या. 'युनिट्स' नावाची फाइल लोड करता आली नाही. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करणारी एवढीशी फाइल, आणि तिला कोणी हातही लावला नव्हता.

"मैडम, फाइल तो यहीं पड़ी है," सक्सेना म्हणाला.

"मग उचलत का नाही?"

"वही तो."

मग नेहमीचं सगळं. व्हर्जन पाहिलं. पाथ पाहिला. परवानग्या, अँटीव्हायरस... सगळं नीट. फाइल पुसून पुन्हा बनवली, मशीन तीनदा बंद-चालू केलं. पूर्ण फोल्डर दुसऱ्या कम्प्युटरवर कॉपी केलं. तिथेही तेच.

साडेबाराला सिस्टरचा फोन. "मैडम, चौदह बच्चे हैं। दो जनी कागज़ पर हिसाब कर रही हैं। रात से एक ही टीम है... थके हाथ से गलती हो गई तो?"

मी म्हटलं, करते. पण काय करते, ते मलाच माहीत नव्हतं. टेस्ट न चालवता दुरुस्ती पाठवणं शक्यच नव्हतं. न तपासलेलं काही मी बाळांच्या औषधात जाऊ देणार नाही.

दोनच्या सुमाराला सक्सेना खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "अब तो ताई की हाज़िरी ही बची है।" तो विनोद करत होता. मी केला नाही. ताईंनी फाइलींची नावं क्रमाने लिहून ठेवलेलं एक रजिस्टर होतं, ते मी उघडलं आणि त्रेचाळीस नावं मोठ्याने वाचली. सगळं ऑफिस बघत होतं. टेस्ट लावल्या. 'युनिट्स' लोड करता आली नाही. चांगलीच शोभा झाली.

तेव्हा मी ताईंना फोन लावला, स्पीकरवर. फक्त एवढंच म्हटलं, "ताई, टेस्ट लावायच्यात. हजेरी घेता का?" कुठली फाइल अडली, ते सांगितलं नाही. विसरले, दुसरं काही नाही.

"आत्ता? अहो, डोळ्यावर पट्टी हाय माझ्या," ताई म्हणाल्या.

"पाठ नाहीत का?"

"हे काय विचारणं झालं बापा!" आणि सुरू. पेशंट. वॉर्ड. बेड. रिपोर्ट. प्रत्येक नावानंतर त्या क्षणभर थांबायच्या. शेजारी बसून इतके दिवस ऐकलं, पण हे थांबणं मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. मी वाचली तेव्हा धडाधड वाचली होती.

एकोणिसावं नाव आलं. "युनिट्स."

शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"ताई?"

"थांबा ना. आलं नाही अजून."

सक्सेना माझ्याकडे बघायला लागला. मी फोनकडे. अर्धं मिनिट तरी गेलं असेल... ताईंच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ताई आणखी एकदा म्हणाल्या, मघापेक्षा हळू, रुसलेल्या पोराला म्हणावं तसं — "युनिट्स?"

आणि मग, "हं. पुढचं."

त्रेचाळिसाव्या नावानंतर त्या म्हणाल्या, "लावा आता." सक्सेनाने बटण दाबलं. सगळे तुकडे लोड झाले. सहाशेबारा टेस्ट, सहाशेबारा पास.

ताई म्हणाल्या, "झालं ना? मग ठेवते. थेंब टाकायची वेळ झाली."

आता माझा प्रश्न. टेस्ट का अडल्या माहीत नाही, का चालल्या माहीत नाही. अशा वेळी माल पाठवायचा नाही, हा नियम मीच केलेला. मी टेस्ट आणखी चार वेळा चालवल्या. चारही वेळा पास. पण तेवढ्यावर सोडलं नाही. सिस्टरला फोन केला, त्यांच्या कागदावरच्या, एक किलोच्या आतल्या दहा बाळांची वजनं घेतली, नव्या प्रोग्रामने डोस काढले आणि त्यांनी हाताने केलेल्या हिशेबाशी एकेक ताडून पाहिले. दहाच्या दहा जुळले. मग दुरुस्ती पाठवली. चार वाजून दहा मिनिटांनी सिस्टर म्हणाली, "चल गया मैडम। अब लड़कियों को चाय पीने भेजती हूँ।"

त्यानंतर आम्ही कारण शोधत बसलो. सकाळी अडलेलं फोल्डर दुसऱ्या कम्प्युटरवर तसंच होतं. दोन्हीकडच्या सगळ्या फाइली अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्या, एका खुणेचाही फरक नाही. इकडे चालतं, तिकडे आजही 'युनिट्स लोड करता आली नाही'. सक्सेनाने तो कम्प्युटर बाजूला ठेवलाय. महिन्यातून एकदा उघडतो, काहीतरी करून बघतो, बंद करतो. ताईंना तिथे हजेरी घ्यायला सांगू म्हटलं तर म्हणतो, "नहीं मैडम, पहले मुझे ढूँढने दीजिए।" हे मला आवडतं. तो शोधणं सोडत नाही.

ताई परत आल्या तेव्हा मी सरळ विचारलं. कसं कळलं की युनिट्स आलं नाही?

त्या चष्म्याआडून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, वर्गात साठ पोरं असायची. बाकावर बसलं म्हणजे आलं असं थोडंच असते? नाव घेतलं की कळते." आणि डेटा भरायला लागल्या. यापुढे काही नाही. विचारून बघा, त्यांनाही यात विशेष काही वाटत नाही.

हॉस्पिटलने नंतर उशीर का झाला याचा लेखी खुलासा मागवला. 'कारण' या रकान्यात सक्सेनाने तांत्रिक वाटेल असं काहीतरी सुचवलं. छान लिहिलं होतं, कोणालाही पटलं असतं. मी ते खोडलं आणि लिहिलं : 'एक फाइल लोड होत नव्हती. मंदाताईंनी फोनवरून हजेरी घेतली. त्यानंतर लोड झाली. कारण माहीत नाही.'

विभागाच्या डॉक्टरांचा फोन आला. "हे काय लिहिलंय तुम्ही?"

"जे झालं ते."

"डोस हाताने ताडून पाहिले होते?"

"दहा."

"मग राहू द्या," ते म्हणाले.

तो खुलासा तसाच त्यांच्या फायलीत लागलाय, खाली माझी सही आहे.